सायकलची मूठ

मित्रांनो, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही मराठी म्हण तुम्ही ऐकली असेल. उर्दूतही ‘बंधी मुठ्ठी लाख की’ असे म्हणतात. मराठीतली मूठ आणि उर्दूतली मुठ्ठी या जणू सख्ख्या बहिणी आहेत. पण मराठीत मूठ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. बोटे मिटली की हाताची मूठ होते. आणि एखादी वस्तू जिथे हाताने धरायची, त्या जागेलाही मूठच म्हणतात. उदाहरणार्थ, तलवारीची मूठ, चाकूची मूठ, छत्रीची मूठ. उर्दूत याच भागाला ‘दस्ता’ म्हणतात. ‘दस्त’ म्हणजे हात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. म्हणजे दोन्ही भाषांनी या वस्तूला हातावरूनच नाव दिले.

सायकलच्या हँडलच्या दोन्ही टोकांना रबराचे जे वेष्टन असते, तीही मूठच. दुकानात तिला ‘ग्रिप’ म्हणतात. सायकल घेताना आपण रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, टायर दाबून पाहतो. मुठीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. खरे तर सायकल चालवताना आपले शरीर सायकलला तीनच ठिकाणी टेकते. बूड सीटवर, पाय पेडलवर आणि हात मुठींवर. त्यांपैकी सायकल वळवणे आणि ब्रेक दाबणे ही दोन्ही कामे हातांची. म्हणून हाताची पकड सुटली, की सायकल आपल्या ताब्यात राहत नाही.

ही पकड कशावर अवलंबून असते? पावसात ती का सुटते? आणि चांगली मूठ कशी ओळखावी? या पाठात आपण हेच समजून घेऊ.

डोंगर उतरणाऱ्या सायकली

मुठीचे महत्त्व सर्वांत आधी कोणाला कळत असेल, तर डोंगरावर सायकल चालवणाऱ्यांना. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेला मरिन नावाचा जिल्हा आहे. तेथे टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुणांना एक छंद लागला. जुन्या, जड, रुंद टायरांच्या सायकली घ्यायच्या, त्या डोंगरावर न्यायच्या आणि कच्च्या रस्त्याने वेगाने खाली यायचे.

२१ ऑक्टोबर १९७६ रोजी या तरुणांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर शर्यत लावली. सुमारे ३ किलोमीटर अंतरात तो रस्ता सुमारे ४०० मीटर खाली येतो. या शर्यतीचे नाव मोठे गमतीचे होते. तिला ‘रीपॅक’ म्हणत. रीपॅक म्हणजे पुन्हा भरणे. त्या जुन्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पेडल उलटे दाबले, की तो लागे. एवढा उतार उतरताना घर्षणाने हब इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग खाली पोहोचल्यावर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नाव रीपॅक!

याच छंदातून आजची डोंगरी सायकल, म्हणजे माउंटन बाइक तयार झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही नावे तिच्या इतिहासात घेतली जातात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या सायकलींच्या शर्यतीचा प्रथमच समावेश झाला.

मरिनच्या डोंगरावर उन्हाळा अगदी कोरडा असतो. रस्त्यावर धुळीचा थर असतो. पाऊस तेथे हिवाळ्यात पडतो. याउलट स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम हे गाव पाहा. बेन नेव्हिस या उंच डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे गाव पावसासाठी प्रसिद्ध आहे. तेथेही डोंगर उतरण्याच्या मोठ्या शर्यती होतात. २००७ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तेथेच झाली. एका ठिकाणी धूळ आणि घाम, तर दुसऱ्या ठिकाणी पाऊस आणि चिखल. सायकल तीच, हातही तसेच. पण मूठ मात्र विचार करून निवडावी लागते.

आपल्याकडे तर हे दोन्ही ऋतू एकाच गावात येतात. मे महिन्यात तळहात घामाने भिजतात आणि जुलैमध्ये पावसाने.

हात का घसरतो?

रबर दोन प्रकारे पकड घेते. पहिला प्रकार चिकटण्याचा. रबर मऊ असते. हाताने दाबले, की ते त्वचेला अगदी लगटून बसते आणि थोडेसे चिकटते. दुसरा प्रकार अडकण्याचा. मुठीवर उंचवटे आणि खाचा असतात. हात दाबला, की त्वचा खाचांत शिरते, रबरही दबते आणि हात पुढे सरकायला विरोध होतो.

आता पाऊस आला, असे समजा. त्वचा आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर येतो. त्यामुळे रबर त्वचेला नीट टेकत नाही आणि पहिल्या प्रकारची पकड जवळजवळ नाहीशी होते. उरते ती फक्त दुसऱ्या प्रकारची, अडकण्याची पकड. म्हणून गुळगुळीत मूठ कोरड्या दिवसांत छान वाटते आणि पावसात दगा देते. खाचा असलेली मूठ मात्र पाण्याला बाजूला जायला वाट देते. पाणी खाचांत उतरते आणि उंचवटे त्वचेला टेकतात. सायकलच्या टायरवरील नक्षी खडी-मातीत रुतून पकड घेते. मुठीवरील नक्षी तुमच्या तळहातात रुतून पकड घेते.

येथे एक शंका येईल. कुदळ मारणारा मजूर काम सुरू करण्यापूर्वी तळहात ओले करतो. मग ओलाव्याने पकड सुटते, असे कसे म्हणायचे? शंका अगदी योग्य आहे. त्वचा पार कोरडी असेल, तर ती कडक असते आणि दांड्याला नीट टेकत नाही. थोडासा ओलावा मिळाला, की ती मऊ होते आणि पकड वाढते. पण ओलावा वाढत जाऊन पाण्याचा थर तयार झाला, की पकड पुन्हा कमी होते. म्हणजे थोडा ओलावा मदत करतो आणि जास्त पाणी घात करते.

हे तुम्हांला घरी पडताळून पाहता येईल. स्टीलचा एक पेला पाण्याने भरा. कोरड्या हाताने तो उचला. मग हात आणि पेला दोन्ही ओले करून उचला. आता पेल्याभोवती थोड्या थोड्या अंतरावर चार-पाच रबरबँड घाला आणि पुन्हा ओल्या हाताने उचलून पाहा. या वेळी पेला धरायला बोटांना किती कमी जोर लावावा लागला, ते लक्षात घ्या. रबरबँडांच्या कडांवर बोटे अडली आणि मधल्या जागेत पाणी उतरले. मुठीवरील कड्यांचे कामही असेच चालते.

निसर्गानेही काहीशी अशीच युक्ती केलेली दिसते. बराच वेळ पाण्यात हात राहिला, की बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडतात. कातडी पाण्याने फुगते म्हणून असे होते, असे पुष्कळांना वाटते. पण ज्यांच्या बोटांच्या मज्जातंतूंना इजा झालेली असते, त्यांच्या बोटांना अशा सुरकुत्या पडत नाहीत. म्हणजे सुरकुत्या शरीर स्वतःच पाडते. २०१३ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सुरकुतलेल्या बोटांनी ओल्या गोट्या उचलून ठेवण्याचे काम अधिक लवकर झाले. सुरकुत्या पाण्याला वाट करून देत असाव्यात, असा त्यांचा तर्क आहे.

रबर आणि नक्षी

मूठ निवडताना प्रथम तिचे रबर बोटाने दाबून पाहा. मऊ रबर त्वचेला चांगले टेकते, धक्केही शोषून घेते. पण ते लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ दिवस टिकते, मात्र दगडधोंड्यांच्या रस्त्यावर त्यामुळे तळहात लवकर दुखतात. ज्याला रोज शाळेत जायचे आहे, त्याने फार मऊ किंवा फार कडक मूठ घेऊ नये.

काही मुठी फोमच्या, म्हणजे स्पंजासारख्या असतात. त्या हलक्या असतात आणि कोरड्या दिवसांत हाताला सुखद वाटतात. पण ज्या फोमची छिद्रे उघडी असतात, तो पाणी पिऊन बसतो. मग पाऊस थांबला, तरी मूठ ओलीच राहते. सिलिकॉनचा फोम पाणी शोषत नाही. परंतु त्याचा पृष्ठभाग बहुधा सपाट असतो. त्यावर ओला चिखल बसला, तर तो निसरडा होतो.

नंतर नक्षी पाहा. काही मुठींवर पातळ कडी एकाशेजारी एक असतात. ती हाताच्या दाबाने वाकतात, त्यामुळे तळहाताला आराम मिळतो. काही मुठींवर चौकटी किंवा शंकरपाळ्यांसारखे उंचवटे असतात. त्यांच्या कडांवर बोटे अडकतात. पुष्कळ चांगल्या मुठींवर दोन्ही प्रकार असतात. जिथे तळहात टेकतो तिथे मऊ कडी आणि जिथे बोटे वळतात तिथे उंचवटे.

पावसासाठी खाचा खोल हव्यात आणि उंचवट्यांच्या कडा स्पष्ट हव्यात. कोरड्या दिवसांसाठी नक्षी बारीक असली तरी चालते. उलट फार टोकदार नक्षीने उघड्या हातांना फोड येतात. खोल खाचांचा आणखी एक तोटा आहे. त्यांत चिखल भरून बसतो. खाच भरली, की ती असून नसल्यासारखीच. म्हणून अशी मूठ वरचेवर धुवावी लागते.

जाडी आणि लांबी

बहुतेक डोंगरी सायकलींच्या हँडलची नळी, जेथे मूठ बसते तेथे, २२.२ मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर मूठ बसली, की एकूण जाडी साधारणपणे २८ ते ३४ मिलिमीटर होते. हा फरक आकड्यात लहान दिसतो, पण हाताला तो लगेच जाणवतो.

आपल्या हातासाठी योग्य जाडी कोणती, हे कसे ओळखाल? मूठ नेहमीसारखी धरा. मधल्या बोटाचे टोक अंगठ्याच्या बुडापाशी जवळजवळ पोहोचले, तर जाडी योग्य आहे. बोटांची नखे तळहातात रुतत असतील, तर मूठ बारीक आहे. बोट आणि तळहात यांच्यात मोठी फट राहत असेल, तर मूठ जाड आहे. जाड मूठ धरून ठेवायला सतत जोर लावावा लागतो. मग कोपरापुढचा हात भरून येतो आणि ऐन उतारावर बोटे दमतात. लहान मुलांसाठी बारीक मूठच बरी. हातमोजे घालून सायकल चालवणार असाल, तर हातमोजे घालूनच मूठ धरून पाहा.

लांबीही महत्त्वाची आहे. तळहाताची करंगळीकडची बाजू मुठीबाहेर लोंबता कामा नये. त्या बाजूने एक मज्जातंतू जातो. त्यावर पुष्कळ वेळ दाब राहिला, तर करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होते. लांबच्या प्रवासासाठी काही मुठी बाहेरच्या टोकाशी पंखासारख्या रुंद केलेल्या असतात. त्यामुळे हा दाब विभागला जातो. मात्र खडबडीत उतारावर हात सारखा हलवावा लागतो, तेथे हा रुंद भाग अडचणीचा ठरतो.

मूठ फिरता कामा नये

हाताने मूठ कितीही घट्ट धरली, पण मूठच नळीवर फिरू लागली, तर काय उपयोग? म्हणून ती नळीवर कशी बसवली आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

साधी मूठ रबराच्या घट्टपणामुळेच नळीवर टिकते. ती स्वस्त असते, हलकी असते. पण पावसाचे पाणी तिच्या आत शिरले, की ती सैल होते आणि हाताबरोबर गोल फिरते. दुसऱ्या प्रकारच्या मुठीला आतून कडक प्लास्टिकची नळी असते आणि टोकाशी धातूची कडी असते. कडीचा स्क्रू आवळला, की मूठ हँडलला पक्की धरून राहते. पावसातही ती फिरत नाही, शिवाय काढायला आणि बसवायला सोपी असते. प्लास्टिकच्या नळीने थोडी जागा व्यापल्यामुळे तिच्यावर रबराचा थर मात्र पातळ राहतो. म्हणून ती हाताला जरा कडक लागते. स्क्रू बेताने आवळावा. लहान स्क्रूवर फार जोर केला, तर त्याचे आटे जातात.

साधी मूठ बसवताना ती नळीवर चढत नाही, म्हणून काही जण आत तेल किंवा ग्रीस लावतात. असे कधीही करू नका. तेल वाळत नाही. ते आतच राहते आणि मूठ कायमची निसरडी होते. त्याऐवजी आत थोडे स्पिरिट लावावे. त्याने मूठ सहज सरकते आणि थोड्या वेळात स्पिरिट उडून जाते. साबणाचे पाणीही चालते. परंतु ते पूर्ण वाळेपर्यंत सायकल चालवू नये. स्पिरिट लवकर पेट घेते, म्हणून हे काम विस्तवापासून दूर आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावे.

उघडे टोक

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तुमच्या वर्गातल्या सायकली एकदा पाहून या. काहींच्या मुठी टोकाशी फाटलेल्या आढळतील आणि त्यातून लोखंडी नळीचे उघडे तोंड दिसत असेल. हे दिसायला किरकोळ वाटते, पण तसे नाही.

सायकल घसरली, की हँडल वळते आणि त्याचे एक टोक पडणाऱ्या मुलाच्या दिशेने येते. मूठ शाबूत असेल आणि तिचे टोक बंद असेल, तर दाब थोडा पसरतो. पण टोक उघडे असेल, तर नळीची गोल कडा एखाद्या साच्यासारखी अंगात रुतते. पोटावर असा मार बसला, तर यकृत, प्लीहा किंवा स्वादुपिंड यांसारख्या आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. आणि फसवी गोष्ट अशी, की बाहेरून कातडीवर फक्त एक लहानसा गोल वळ दिसतो. म्हणून हँडलचा मार पोटावर बसला असेल, तर ‘रक्त आले नाही, मग काही नाही’ असे म्हणून गप्प बसू नका. घरी लगेच सांगा आणि डॉक्टरांकडे जा. कोणी रागावेल या भीतीने ही गोष्ट लपवणे धोक्याचे आहे.

आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात सायकलच्या हँडलची दोन्ही टोके मुठीने किंवा बुचाने झाकलेली असावीत, असे सांगितले आहे. एवढेच नव्हे, तर मुठी बसवलेले हँडल पाण्यात बुडवून शून्याखाली ५ अंशांपर्यंत गोठवतात आणि मग मूठ ओढून पाहतात. ६० अंश तापमानाच्या पाण्यात ठेवूनही तशीच परीक्षा घेतात. थंडीत किंवा उष्णतेत मूठ निघून आली, तर ती नापास.

मुठीची निगा

मूठ चांगली असली, तरी निगा राखल्याशिवाय टिकत नाही. रबराचे तीन शत्रू आहेत: ऊन, तेल आणि मळ. सायकल दिवसभर उन्हात उभी राहिली, की रबराला बारीक भेगा पडतात. केसांना तेल लावून त्याच हातांनी सायकल धरली, तर ते तेल रबरात मुरते आणि रबर हळूहळू चिकट व मऊ पडते. घामातील क्षार आणि धूळ यांचा थर खाचांत साचतो. म्हणून आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्याने मुठी घासाव्यात आणि फडक्याने कोरड्या कराव्यात. पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नये. त्याने रबर खराब होते. उंचवटे झिजून सपाट झाले, रबर चिकट झाले किंवा टोक फाटले, तर मूठ बदलावी. संपूर्ण सायकलच्या किमतीपुढे मुठींची किंमत अगदी थोडी असते.

मग कोणती मूठ घ्यावी? तुमच्या भागात पाऊस जास्त असेल, तर मऊ रबराची, खोल खाचांची आणि स्क्रूने आवळली जाणारी मूठ घ्या. हवा बहुतेक कोरडी असेल, तर बारीक नक्षीची मूठ पुरे. दोन्ही ऋतूंत एकच मूठ वापरायची असेल, तर पावसाचा विचार आधी करा. कोरड्या दिवसात खोल नक्षी फार तर हाताला थोडी टोचेल. पण पावसात गुळगुळीत मूठ हातातून निसटेल. आणि मूठ कोणतीही असो, तिचे टोक बंदच हवे.

आज शाळा सुटल्यावर सायकलवर बसण्यापूर्वी क्षणभर थांबा. दोन्ही मुठी हाताने पिळून पाहा. त्या फिरतात का? दोन्ही टोकांवर अंगठा ठेवून पाहा. लोखंड हाताला लागते का? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर घरी सायकल हातात धरून चालत न्या आणि वाटेत सायकलच्या दुकानात थांबा.

स्वाध्याय

१. रबर कोणत्या दोन प्रकारे पकड घेते? पावसात त्यांपैकी कोणती पकड कमी होते आणि का?
२. ‘थोडा ओलावा मदत करतो आणि जास्त पाणी घात करते.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणाच्या आधारे सांगा.
३. मूठ बसवताना तेल का लावू नये?
४. ‘मूठ’ या शब्दाचे दोन अर्थ सांगून प्रत्येकाचा एका वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या वर्गातील पाच सायकलींच्या मुठी तपासा. जाडी, नक्षी, घट्टपणा आणि टोक यांविषयी पाच-सहा ओळी मराठीत लिहा.